बेदरकार वाहनचालनाच्या खटल्यासाठी घेतलेली वकिली सेवा : एक अभिप्राय

पुण्यातील या फौजदारी वकिलांच्या कार्यालयाची सेवा मी माझ्या भाच्यासाठी घेतली. उलट्या दिशेने दुचाकी चालवून एका पादचाऱ्याचा पाय मोडल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला होता. शुल्काचा विषय काढण्यापूर्वी वकिलांनी प्रथम खबर आणि पंचनामा आमच्यासमोर बसून वाचला, आणि एवढ्यावरूनच मी त्यांना चांगले गुण देईन.

नातेवाइकांचा एकच सल्ला होता : गुन्हा कबूल करून दंड भरा आणि मोकळे व्हा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ (सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार वाहनचालन) खाली कमाल शिक्षा सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे, गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे हा सल्ला वरकरणी व्यवहारी वाटतो. परंतु वकिलांनी स्पष्ट केले की हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत ठरते, म्हणून कलम १२५ (ब) लागते आणि तेथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. शिवाय कबुलीनंतर भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धीच असते आणि ती पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत लपत नाही. जखमी व्यक्तीशी तडजोड झाली, तरी कलम २८१ आपोआप मिटत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयाकडे गुन्हा रद्द करण्याची मागणी करावी लागते, हेही त्यांनीच सांगितले.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ (धोकादायक वाहनचालन) विषयीचे त्यांचे विवेचन मला सर्वांत मोलाचे वाटले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणे, मोबाइल हातात धरून वाहन चालवणे आणि उलट्या दिशेने जाणे ही कृत्ये या कलमात स्पष्टपणे आली आहेत. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांत पुन्हा तसाच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चालकाचा परवाना जप्त करून पोलीस तो आरटीओकडे पाठवू शकतात. (दुचाकीवरच ज्याचे पोट अवलंबून आहे, त्याला हे दंडापेक्षा अधिक जड जाते.)

उणिवाही आहेत. तारखांना बहुधा कनिष्ठ वकील उभे राहतात आणि तारखेला काय घडले, हे विचारल्याशिवाय कळवले जात नाही. आरोपपत्र आल्यानंतर शुल्क वाढेल, हे वकीलपत्रावर सही घेतानाच लेखी सांगायला हवे होते. जखमी व्यक्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागितलेली भरपाई ही स्वतंत्र कार्यवाही असते आणि तिचे वकीलपत्र हे कार्यालय घेत नाही, म्हणून तिथे जाणाऱ्यांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.