बूटेबल पेनड्राइव्हसाठी रुफस की व्हेंटॉय?

रुफस आणि व्हेंटॉय ही बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करता येतो असा पेनड्राइव्ह, बनवणारी सॉफ्टवेअर आहेत. रुफस केवळ विंडोजवर चालते, एका वेळी एकच आयएसओ फाइल (विंडोज, उबुंटूसारख्या प्रणालीची एका फाइलीतली संपूर्ण प्रत) पेनड्राइव्हवर उतरवते आणि आधीचा सारा डेटा पुसते. मात्र जुन्या बायॉससाठी एमबीआर आणि नव्या यूईएफआयसाठी जीपीटी ही निवड (बायॉस व यूईएफआय हे संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर; एमबीआर व जीपीटी या ड्राइव्हवरील विभागांची नोंद ठेवण्याच्या पद्धती) ते स्पष्टपणे समोर ठेवते, म्हणून एकाच संगणकावर विंडोज टाकायचे असल्यास मी तेच सुचवेन.

व्हेंटॉयही प्रथम बसवताना पेनड्राइव्ह पुसते, परंतु त्यानंतर उबुंटू, डेबियन, विंडोज यांच्या आयएसओ फाइली त्यावर नुसत्या कॉपी केल्या, की संगणक सुरू होताना त्यांची यादी पडद्यावर येते आणि बाणाच्या कळीने हवी ती निवडता येते. दुरुस्तीचे काम करणाऱ्यांचा यात फार वेळ वाचतो. सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना केवळ विश्वासार्ह सॉफ्टवेअरच चालू देणारी सुरक्षा सोय) चालू असल्यास मात्र प्रत्येक नव्या संगणकावर व्हेंटॉयची ओळख पटवणारी डिजिटल किल्ली (की) एकदा नोंदवावी लागते.