ल्युपस आणि न्यूमोनियाची लस: १३, २० की २३?

मला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे आणि न्यूमोनियाच्या लशी मी उलट्या क्रमाने घेतल्या आहेत. डॉक्टरांनी फाईलवर नुसतं 'न्यूमोनिया व्हॅक्सिन' लिहिलं होतं. मेडिकलवाल्याने फ्रिज उघडला, आत २३ वाली होती, तीच दिली. आकडा मोठा, किंमत कमी, मी खूश. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. २३ वाली आधी टोचली की कॉन्ज्युगेट लशीसाठी (म्हणजे १३ किंवा २० वालीसाठी) किमान वर्षभर थांबावं लागतं. क्रम सरळ असता तर दोन्ही आठ आठवड्यांच्या अंतराने उरकल्या असत्या.

तर आधी हे आकडे. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूचे शंभरावर प्रकार आहेत. त्यातल्या किती प्रकारांविरुद्ध लस काम करते, तो तिच्या नावातला आकडा. प्रत्येक प्रकाराभोवती साखरेचं कवच असतं. २३ वालीत, म्हणजे न्यूमोव्हॅक्समध्ये, त्या कवचाचे नुसते तुकडे असतात. शरीर प्रतिपिंडं बनवतं, पण आठवण धरून ठेवत नाही. प्रिव्हेनार १३ आणि २० मध्ये तेच तुकडे एका प्रथिनाला जोडलेले असतात. हे प्रथिन म्हणजे घटसर्पाच्या विषाचं निरुपद्रवी रूप. त्याच्यामुळे टी पेशीही कामाला लागतात आणि आठवण पक्की होते. म्हणून मोठा आकडा म्हणजे चांगली लस, हा माझा हिशेब चुकला.

ल्युपसवाल्यांना या जिवाणूची भीती जास्त का, तर रिपोर्टमध्ये सी३-सी४ (रक्तातली संरक्षक प्रथिनं) खाली आलेले आपण नेहमी बघतो. कवचवाल्या जिवाणूंना टिपायला तेच लागतात. काहींची प्लीहा नीट काम करत नाही. किडनीला त्रास असेल तर लघवीतून प्रथिनांबरोबर प्रतिपिंडंही वाहून जातात. वर प्रतिकारशक्ती दाबणारी स्टेरॉईड आणि मायकोफेनोलेट ही औषधं आहेतच. त्यामुळे लस घ्यायला पासष्टी गाठायची वाट बघू नये.

आता निवड. आजवर एकही न्यूमोकोकल लस घेतली नसेल तर दोन रस्ते आहेत.

पहिला, १३ आणि मग आठ आठवड्यांनी २३. दोन्ही मिळून २४ प्रकार होतात, कारण १३ मधला ६ए हा एकच प्रकार २३ मध्ये नाही. प्रतिकारशक्ती दाबलेल्यांना २३ चा आणखी एक डोस पाच वर्षांनी लागतो. म्हणजे तीन सुया आणि पाच वर्षं तारीख लक्षात ठेवणं. घोडं तिथेच अडतं.

दुसरा, एकदाच २० वाली. एक सुई आणि काम संपलं. २३ मधले चार प्रकार यात नाहीत: २, ९एन, १७एफ आणि २०. (हो, २० वालीत २० नंबरचाच प्रकार नाही.) पण ते चार मिळवायला आठवण न धरणाऱ्या लशीवर विसंबायचं आणि वर तारखा सांभाळायच्या, हा सौदा मला पटत नाही. २० वाली मिळत असेल आणि परवडत असेल तर मी तीच घ्यायला सांगेन. मिळत नसेल तर १३ आधी, २३ नंतर. फक्त २३ घेऊन थांबू नका.

पुण्याच्या सीरमची न्यूमोसिल चालेल का, असंही विचारतात. ती दहा प्रकारांची, बाळांसाठीची लस आहे. आपल्या कामाची नाही.

कोणती घ्यायची याच्याइतकंच कधी घ्यायची हेही महत्त्वाचं आहे. रिटुक्सिमॅब चालू असेल तर सगळ्यात जास्त, कारण ते प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींचाच फडशा पाडतं. पुढचा डोस जवळ आला की लस घ्यायची आणि रिटुक्सिमॅब किमान दोन आठवडे पुढे ढकलायचं. प्रेडनिसोलोन (स्टेरॉईड) रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर डोस खाली येईपर्यंत डॉक्टर सहसा थांबायला सांगतात. मेथोट्रेक्सेट या लशीसाठी बंद करायची गरज नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद करण्याचा तर विचारही करू नका.

आजार उसळलेला असताना घ्यावी का, यावर मात्र दोन मतं आहेत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या सूचना म्हणतात, शक्यतो आजार शांत असताना घ्या. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या सूचना म्हणतात, त्यासाठी थांबू नका. मी दुसऱ्या बाजूची आहे; माझा आजार कधी पुरता शांत असतो, तेच मला कळत नाही. दोन्ही जातींच्या लशींत जिवंत जिवाणू नसतो, त्यामुळे लशीतून न्यूमोनिया होत नाही. दंड दुखतो, अंग कसकसतं, एक-दोन दिवसांत उतरतं. ताप त्यापुढे रेंगाळला तर तो लशीवर ढकलून घरी बसू नका, फोन करा. क्षयरोग किंवा विषाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाला ही लस आवरत नाही. फ्लूची दरवर्षी वेगळी घ्यायची. त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेतली तरी चालते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचणाऱ्याला आधी सांगा. बारीक सुई, नंतर दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही. माझी २० वाली या महिन्यात आहे. यावेळी चिठ्ठीवर लशीचं नाव आणि आकडा दोन्ही लिहून घेतलेत.