लीग, लॅडर की कोचिंग बॅच? दिवाळीनंतरच्या हंगामात नाव कुठे द्यावं

चार महिने बॅगेत पडून असलेली टेनिसची रॅकेट परवा बाहेर काढली तर ग्रिप हाताला चिकटली. नेरुळच्या पावसाळी हवेत ते व्हायचंच. जुनी ग्रिप सोलून नवी गुंडाळली आणि संध्याकाळी क्लबच्या कोर्टावर गेलो. मुंबईतून मान्सून परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतर एखादी सर येते, पण कोर्टं आता बहुतेक दिवस कोरडी मिळतील.

आधी एक चांगली बातमी. दोन नंबरच्या कोर्टावर बेसलाइनच्या डाव्या कोपऱ्यात पाणी साचायचं, तो खळगा भरून वरून पुन्हा रंगाचे थर दिले आहेत. काम नीट झालंय का ते पाहायला मार्करनं, म्हणजे कोर्टं सांभाळणाऱ्या माणसानं, माझ्यासमोर पाइपनं सगळं कोर्ट भिजवलं. तासभर ऊन खाल्ल्यावर जिथे जरा पाणी उरलं होतं तिथे त्यानं एक रुपयाचं नाणं आडवं ठेवलं. नाणं बुडालं तर खळगा अजून आहे असं समजायचं. पाणी नाण्याच्या कडेला लागून थांबलं, वर चढलं नाही. गेल्या वर्षी याच कोपऱ्यात दोघेजण घसरले होते, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता मुद्द्याकडे येतो. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर तीन कागद लागले आहेत: रविवारची डबल्स लीग, सिंगल्स लॅडर (आव्हान देत वर चढायची क्रमवारी) आणि मोठ्यांची सकाळची कोचिंग बॅच. तिन्ही दिवाळीनंतर सुरू होतील. कोर्टं दोनच असल्यानं एकाच सभासदानं सगळीकडे नाव दिलं तर इतरांचे तास जातात. निवड करावी लागणार. गेल्या आठवड्यात चारपाच जणांनी मला विचारलं, आणि प्रत्येकाची सुरुवात एकच होती: "माझा खेळ लीगच्या लायकीचा आहे का?" मला वाटतं हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, तुमचा आठवडा कसा जातो?

लीगमध्ये सहा जणांचा संघ असतो. आठ रविवार, सकाळी सात ते दहा, दर रविवारी तीन दुहेरी सामने. ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी, झाला की पुढचा एकच पॉइंट निर्णायक, आणि तो कोणत्या बाजूनं घ्यायचा ते सर्व्हिस घेणारी जोडी ठरवते. एकेक सेट झाला तर तिसरा सेट नाही, दहा पॉइंटांचा टायब्रेक. व्यावसायिक पुरुषांच्या एटीपी दौऱ्यावर दुहेरीत २००६ पासून हीच पद्धत चालते, आणि आपल्यासारख्या दोन कोर्टांच्या क्लबला तर ती वरदानच आहे. सामना सव्वा तासात आटोपतो, दहाच्या आत सगळे घरी.

पण लीगचा खरा नियम कागदावर लिहिलेला नाही. तुम्ही आला नाहीत तर एकटे तुम्ही गैरहजर नसता. तुमचा पार्टनरही बाद होतो, सामना सोडून द्यावा लागतो आणि समोरची जोडी पहाटे उठून आलेली असते ती वेगळीच.

हे मी अनुभवावरून सांगतो. दोन हंगामांपूर्वी मी लीगमध्ये नाव दिलं तेव्हा माझी शिफ्टची नोकरी होती, महापेला. शनिवारची रात्रपाळी लागली की रविवारी सातला उभं राहायचं त्राण नसायचं. तरी "जमवू काहीतरी" म्हणून सही केली. पाचव्या रविवारी गजर बंद करून झोपलो तो साडेआठला जागा झालो. धावत गेलो तर माझे पार्टनर, निवृत्त शिक्षक, कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेले होते. गुडघ्यांना पट्टे बांधलेले, बुटांच्या नाड्या घट्ट, मांडीवर न उघडलेला चेंडूंचा डबा. ते रागावले नाहीत. "झोप झाली ना नीट?" एवढंच विचारलं. त्या दिवशी मी ठरवलं की रविवार मोकळा असल्याची खात्री नसेल तर लीगच्या कागदावर सही करायची नाही. पुढच्या हंगामात लॅडर खेळलो.

लॅडरचा कारभार सोपा आहे. फळ्यावर खिळ्यांना नावांच्या पाट्या लटकवलेल्या असतात. आपल्यापेक्षा वरच्या तीन नावांपैकी कोणालाही आव्हान द्यायचं, दहा दिवसांच्या आत दोघांनी मिळून वेळ ठरवायची. खालचा जिंकला तर पाट्यांची अदलाबदल. वरच्यानं दहा दिवसांत वेळच दिली नाही तरी अदलाबदल. इथे दोनच माणसांचे आठवडे जुळवायचे असतात. ऐरोलीहून साडेआठच्या गाडीनं येणारा आणि सीवूड्सला राहणारा, दोघे मंगळवारी रात्री नऊला फ्लडलाइटखाली खेळले तरी कोणाची हरकत नसते.

संध्याकाळच्या सामन्यांना एकच अडचण आहे, आणि ती खास आपल्या नेरुळची. डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठा कार्यक्रम असला की दुपारपासूनच रस्ते भरतात. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच झाला, आणि तो रविवार होता. आपल्या मुलींनी जग जिंकलं ते आपल्या घराशेजारी, याचा अभिमान आहेच. पण तशा दिवशी संध्याकाळी सातची वेळ ठरवून कोणी पाम बीच रोडवर अडकलं तर त्याला दोष देऊ नका. लॅडरवाल्यांनी वेळ ठरवताना स्टेडियमचं वेळापत्रक पाहून घ्यावं. लीग सकाळची असल्यानं तिला हा त्रास नाही. तिला त्रास होतो दवाचा. डिसेंबर-जानेवारीत सातच्या सुमाराला आधी पांढऱ्या रेघा निसरड्या होतात, बाकी कोर्ट हाताला कोरडं लागलं तरी. त्या दिवसांत पहिला सामना पंधरा मिनिटं उशिरा सुरू करावा, असं मी कमिटीला सुचवलं आहे.

आता शरीराचं पाहू. टेनिस कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं, रुंदी सिंगल्सला ८.२३ आणि डबल्सला १०.९७ मीटर. म्हणजे सिंगल्समध्ये एकट्यानं सुमारे ९८ चौरस मीटर सांभाळायचे, डबल्समध्ये प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६५. हा फरक तिसऱ्या गेमपासून पायांना कळतो, ऑक्टोबरच्या उकाड्यात तर पहिल्यापासूनच. लॅडरमध्ये कोपऱ्यातून कोपऱ्यात धावावं लागतं, थांबावं लागतं, वळावं लागतं, आणि आपल्या हार्ड कोर्टावर तो प्रत्येक थांबा गुडघ्याला जाणवतो. पन्नाशीच्या पुढच्या आणि गुडघ्याची तक्रार असलेल्या सभासदांनी माझं ऐकावं आणि लीगच घ्यावी.

डबल्स हा म्हाताऱ्यांचा खेळ, असं मात्र कोणी म्हणू नये. रोहन बोपण्णानं २०२४ च्या जानेवारीत वयाच्या ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डनच्या साथीनं ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली, आणि जागतिक क्रमवारीत तो पहिल्यांदा अव्वल ठरला तोही त्याच वयात. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजली होती. अय्यंगार योगानं आपल्याला उभं ठेवलं, असं तो स्वतः सांगत आला आहे. त्याच्याच जोडीनं आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेनं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. त्या दोघांचे नेटवरचे पॉइंट पुन्हा पाहा. डबल्समध्ये धावणं कमी असतं, पण डोकं आणि हात एक क्षणही रिकामे राहत नाहीत.

खेळ सुधारण्याच्या दृष्टीनं मात्र माझं मत लॅडरच्या बाजूनं आहे. डबल्समध्ये कच्चा बॅकहँड लपवता येतो: त्या बाजूला पार्टनरला उभं केलं की हंगाम निभावतो. सिंगल्समध्ये समोरच्याला दोन गेममध्ये कळतं आणि मग प्रत्येक चेंडू तिथेच येतो. माझा बॅकहँड सुधारला तो लॅडरच्या एकाच हिवाळ्यात. त्याआधी चार वर्षं मी डबल्स खेळत होतो.

मग बॅच कोणासाठी? तीन दिवस, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी साडेसहा, एका कोर्टावर सहा जण. ज्यांना अजून सेकंड सर्व्हिसचा (पहिली चुकल्यावर मिळणाऱ्या दुसऱ्या संधीचा) भरवसा नाही त्यांनी बाकी कुठेही न जाता इथे नाव द्यावं. एक साधी चाचणी घ्या. दहा सेकंड सर्व्हिस मारा, पॉइंट चालू असल्यासारख्या, मधे न थांबता. सहापेक्षा कमी आत पडल्या तर लीगमध्ये तुमचा पार्टनर नेटवर नुसता उभा राहील आणि लॅडरमध्ये समोरच्याला रॅलीच मिळणार नाही. दोन महिने बॅच करा, लॅडरमध्ये मधूनही शिरता येतं, पाटी सगळ्यात खाली लागते इतकंच. बॅचची उणीव अशी की प्रशिक्षकांच्या टोपलीतून येणारा चेंडू गुणी असतो, सांगितल्या जागी पडतो. त्यावर हात बसतो, पण सामन्यात गुण ३०-४० असताना काय करायचं ते तो शिकवत नाही. म्हणून बॅचवाल्यांनी शुक्रवारी शेवटची वीस मिनिटं पॉइंट मागून घ्यावेत. प्रशिक्षक नाही म्हणत नाहीत, आपणच मागत नाही.

लहानांच्या बॅचबद्दल आईवडील विचारतात की लाल आणि नारिंगी चेंडूवर वर्ष का घालवायचं, सरळ पिवळ्यावर का नाही. त्यांनी एकदा शनिवारी येऊन बघावं. सात वर्षांची मुलगी पिवळ्या चेंडूसमोर उभी राहते, चेंडू उसळून तिच्या डोक्यावरून जातो, आणि ती रॅकेट पंख्यासारखी वर फिरवते. तिलाच लाल चेंडू द्या. तो नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के संथ, कोर्टही जेमतेम ११ मीटरचं. चेंडू कमरेशी येतो आणि तिचा हात आपोआप बरोबर फिरतो. नारिंगी चेंडू ५० टक्के संथ आणि कोर्ट सुमारे १८ मीटरचं, हिरवा २५ टक्के संथ आणि कोर्ट पूर्ण. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार २०१२ पासून १० वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा चेंडू चालतच नाही. कृपा करून मुलांना घाईनं पुढच्या रंगात ढकलू नका.

खर्चाचं थोडक्यात: लीगची फी एकदाच आणि चेंडू क्लबचे. लॅडरला फी नाही, पण आव्हान देणाऱ्यानं नवा डबा आणायचा, त्यामुळे फार आव्हानं देणाऱ्याला लॅडर महाग पडते. बॅचची फी दरमहा. गटिंगचा, म्हणजे रॅकेटच्या जाळीचा, खर्च तिन्हीकडे आहे, आणि जुना ठोकताळा असा की आठवड्यात जितक्या वेळा खेळता तितक्या वेळा वर्षात गटिंग बदलावं. बूट टेनिसचेच घ्या. धावण्याचे बूट बाजूला वळताना घोटा सांभाळत नाहीत.

फेब्रुवारीच्या सुमारास मुंबई ओपन ही महिलांची स्पर्धा भरली तर सीसीआयला (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) जाण्याचा बेतही आहे. हार्बरनं सीएसएमटी, तिथून चर्चगेटकडे. २०१७ मध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा आर्यना सबालेन्का जिंकली होती, पुढे ती जगात अव्वल झाली. २०२५ मध्ये पंधरा वर्षांची माया राजेश्वरन उपांत्य फेरीपर्यंत पोचली. लहानांच्या बॅचमधल्या मुलांना तर हे कोर्टाच्या इतक्या जवळून दाखवायलाच हवं. त्यासाठी वेगळा कागद लागेल, लीग-लॅडरच्या निवडीशी त्याचा संबंध नाही.

तर शिफ्टची नोकरी, फिरतीचं काम किंवा घरी लहान मूल असेल तर लॅडर. रविवार तुमचा असेल, चार माणसांत खेळायला आवडत असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर लीग. दहातल्या सहा सर्व्हिस आत जात नसतील तर बॅच. दोन कागदांमध्ये मन अडकलंच तर आधी एक रविवार सकाळी सातला येऊन बघा, राखीव खेळाडू म्हणून कुठल्याही संघात एक सामना मिळतो.

यंदा मी पुन्हा लीगच्या कागदावर सही केली आहे. शिफ्ट गेली, रविवार मोकळे झाले. माझ्या जुन्या पार्टनरना, त्या शिक्षक सरांना, फोन करून विचारलं, पार्टनर ठरला आहे का. "नाही," म्हणाले, "पण नेटची उंची तपासायला पावणेसातलाच यायचं." त्यांची पद्धत जुनी आहे: मध्यावर एक रॅकेट उभी धरायची, तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं ठेवायचं, दोन्ही मिळून साधारण ९१.४ सेंटीमीटर भरतात. त्यासाठी दोन रॅकेट लागतात. दुसरी मी नेणार आहे.