डेन्व्हर की सॉल्ट लेक सिटी? घर घेण्याआधी आभाळाचा आणि जमिनीचा हिशेब

माझ्या मावसबहिणीच्या मुलाला अमेरिकेत दोन ठिकाणांहून नोकरीचं बोलावणं आलं. एक कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ, दुसरं युटात सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला लीहायमध्ये. पगार जवळपास सारखा, दोन्हीकडे घराच्या खिडकीतून डोंगर. फोनवर त्याने विचारलं, "मावशी, कोलोरॅडोत वणवे आणि युटात भूकंप, असं सगळे सांगतात. पाचसहा वर्षांत घर घ्यायचंय. कुठे घेऊ?" मी कोलोरॅडोत चौदा वर्षं राहते आणि युटात नातेवाइकांमुळे सारखं जाणं होतं. त्याला तुकड्यातुकड्यांत जे सांगितलं ते इथे सलग लिहिते, कारण हाच प्रश्न आपल्याकडच्या बऱ्याच घरांत चालू असतो.

माझं मत आधीच सांगते. कोलोरॅडोतलं संकट वरचेवर येतं, आणि त्याचा बराचसा खर्च नेहमीच्या घरविम्यात बसतो. युटातलं मोठं संकट आज हयात असलेल्या कुणीही पाहिलेलं नाही, आणि ते नेहमीच्या घरविम्यात अजिबात बसत नाही. बाकी सगळं या फरकाभोवती फिरतं.

कोलोरॅडो: गारा, वारा, गवत

डेन्व्हरच्या पश्चिमेला डोंगर आणि पूर्वेला थेट कॅन्ससपर्यंत सपाट माळ. मे ते ऑगस्ट दुपारी दोननंतर डोंगरावर ढग चढतात आणि संध्याकाळपर्यंत शहरावर येतात. आपल्याकडे गारपीट म्हटलं की द्राक्षबागा आठवतात. इथे छप्परं आणि गाड्या. ८ मे २०१७ रोजी डेन्व्हरच्या पश्चिम उपनगरांवर जी गारपीट झाली, तिचं विमा कंपन्यांवर आलेलं बिल सुमारे २३० कोटी डॉलर होतं. लेकवुडमधला कोलोरॅडो मिल्स हा मॉल छतातून पाणी शिरल्यामुळे कित्येक महिने बंद राहिला. माणसं यात सहसा मरत नाहीत, पण खिसा मरतो.

खिशाची गोष्ट नीट समजून घ्या. इथल्या बहुतेक पॉलिशींत वारा आणि गारपीट यांचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आधी तुम्ही भरायचा वाटा, ठरावीक रक्कम नसतं, घराच्या विमारकमेच्या टक्केवारीत असतं. सहा लाख डॉलरच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे पहिले १२,००० तुमचे. आमच्या पहिल्या गारपिटीच्या वेळी मला हा आकडा छप्पर फुटल्यावर कळला, सही करताना वाचला नव्हता. दुसऱ्याच दिवशी दारावर छप्परवाले येतात, आणि "डिडक्टिबल आम्ही सांभाळून घेतो" म्हणणारा भेटला तर दार लावून घ्या. कोलोरॅडोत ते कायद्याला धरून नाही. छप्पर बदलायचंच झालं तर गारांचा मार सोसणारी चौथ्या श्रेणीची शिंगल्स (छपरावरच्या पट्ट्या) घाला. बऱ्याच कंपन्या त्यावर हप्त्यात सूट देतात.

आगीबद्दल मात्र माझी समजूत २०२१ मध्ये पार बदलली. तोवर आम्ही सगळे मानत होतो की वणवा ही डोंगरातल्या, पाइनच्या झाडीत घर बांधणाऱ्यांची काळजी. तशी उदाहरणंही होती: २०१२ चा कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळचा वाल्डो कॅन्यन वणवा, ३४६ घरं, २०२० चा ईस्ट ट्रबलसम, जो एका दिवसात सुमारे एक लाख एकर धावला. मग ३० डिसेंबर २०२१ उजाडला. त्या वर्षी वसंतात पाऊस चांगला झाला, गवत कमरेएवढं वाढलं, आणि नंतर सहा महिने आभाळ कोरडं. डिसेंबर संपत आला तरी बर्फाचा पत्ता नाही. डोंगरावरून खाली कोसळणारा वारा ताशी १०० मैलांच्या पुढे गेला आणि सकाळी अकराच्या सुमारास बोल्डरजवळच्या मार्शलपाशी गवत पेटलं. संध्याकाळपर्यंत लुईसव्हिल आणि सुपीरियर या गावांमधल्या साध्यासुध्या कॉलन्या, शाळा, बाग, सायकलचा रस्ता असलेल्या, जळत होत्या. १,०८४ घरं गेली, दोन जीव गेले, सुमारे ३५,००० लोकांना घर सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. आम्ही दहाबारा मैलांवर होतो. अंगणातली राख झाडताना त्यात एका पुस्तकाचं अर्धं पान सापडलं, ते मी अजून फेकलेलं नाही.

त्यानंतरचं दुःख विम्याचं होतं. आगीचा विमा बहुतेकांकडे होता, पण तेच घर पुन्हा बांधायला लागणारी रक्कम आणि पॉलिशीतली रक्कम यांत बऱ्याच कुटुंबांना लाखोंची तफावत आढळली. म्हणून कोलोरॅडोत घर घेणाऱ्याला मी एकच हट्टाने सांगते: दर नूतनीकरणाला "आज हे घर बांधायला प्रति चौरस फूट किती?" हे विचारा आणि रक्कम वाढवून घ्या. मोकळ्या गवताळ रानाला लागून असलेलं घर "समोर कुणी बांधणार नाही" म्हणून जास्त भावाने विकलं जातं. मी ते घेणार नाही. घेतलंच तर लाकडी कुंपण घराच्या भिंतीपासून तोडा, पहिल्या पाच फुटांत झुडपं आणि लाकडी भुसा नको, आणि पोटमाळ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी बसवा. ठिणग्या तिथूनच आत जातात.

युटा: विटा आणि भेग

सॉल्ट लेकला डोंगर पूर्वेला आहेत, आणि ते डोंगर जमिनीतल्या ज्या खोल भेगेने वर उचलले ती वॉसॅच भेग शहराच्या, लीहायच्या, प्रोव्होच्या पायथ्याशीच आहे. भेगेच्या शहराखालच्या तुकड्यावर मोठा भूकंप सरासरी १,३०० वर्षांनी होतो, आणि शेवटचा होऊन साधारण तेवढीच वर्षं झाली आहेत. शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडलेला अंदाज असा: २०१४ पासूनच्या ५० वर्षांत या पट्ट्यात ६.७५ किंवा त्याहून मोठ्या भूकंपाची शक्यता ४३ टक्के. तीस वर्षांचं कर्ज घेणाऱ्याने हा आकडा दुर्लक्षून चालणार नाही.

१८ मार्च २०२० च्या सकाळी ७ वाजून ९ मिनिटांनी सॉल्ट लेकजवळच्या मॅग्नाला ५.७ चा धक्का बसला. सॉल्ट लेकमधल्या मॉर्मन पंथाच्या देवळाच्या शिखरावरच्या सोनेरी पुतळ्याच्या हातातला कर्णा खाली पडला, जुन्या इमारतींच्या विटा रस्त्यावर आल्या, कुणी दगावलं नाही. "बघा, होऊन गेला," असं तिथे पुष्कळ जण म्हणतात. ७ च्या भूकंपात त्याच्या सुमारे ९० पट ऊर्जा असते. मॅग्नाने काही टळलेलं नाही.

माझं आजोळ औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हलली तेव्हा माणसं दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली, हे आमच्या घरात सांगावं लागत नाही. सॉल्ट लेकच्या जुन्या भागात फिरताना मला म्हणूनच विटांची ती देखणी बंगलेवजा घरं बघवत नाहीत. त्या भिंतींत लोखंड नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत युटात अशी बांधकामं सर्रास झाली, आणि आजही राज्यात ती लाखाहून जास्त आहेत. सॉल्ट लेक सिटीत 'फिक्स द ब्रिक्स' नावाची मदत योजना आहे, पण रांग लांब. याउलट लाकडी सांगाड्याचं, पायाला बोल्टने बांधलेलं नवं घर धक्का बऱ्यापैकी सोसतं. म्हणजे लीहायच्या बाजूची कंटाळवाणी दिसणारी नवी कॉलनी सॉल्ट लेकच्या शुगर हाउस वस्तीतल्या मोहक जुन्या घरापेक्षा जिवाला कितीतरी सुरक्षित.

फक्त तिथे जमीन बघावी लागते. खोऱ्याच्या तळाशी, तळ्याकाठी, जिथे जमिनीखालचं पाणी वर आहे तिथली वाळूची जमीन धक्क्यात पातळ होऊन घर खचू शकतं. उलट उतारावर फार वर गेलात तर दरडींची भीती: २०२२-२३ च्या विक्रमी हिमवृष्टीनंतर एप्रिल २०२३ मध्ये सॉल्ट लेकच्या दक्षिणेला ड्रेपर गावात दोन नवी घरं घसरून दरीत गेली. आधीच रिकामी केली होती म्हणून माणसं वाचली. युटा जिऑलॉजिकल सर्व्हेचे नकाशे ऑनलाइन फुकट आहेत. पत्ता टाका आणि भेग, पातळ होणारी जमीन, दरड हे तिन्ही थर उघडून बघा.

भूकंपाची पॉलिशी वेगळी घ्यावी लागते आणि तिचं डिडक्टिबल अनेकदा दहा टक्के किंवा त्याहून जास्त असतं. म्हणजे छोटी पडझड तुमच्याच खर्चाने. पॉलिशी घर पूर्ण गेलं तरच्या दिवसासाठी. मला विचाराल तर घ्यावी.

कोलोरॅडो भूकंपात अगदी निर्धास्त आहे असंही नाही, पण तिथली एक गोष्ट कोयनेच्या लोकांना ओळखीची वाटेल. डेन्व्हरजवळच्या रासायनिक शस्त्रांच्या कारखान्याने १९६२ पासून सांडपाणी खोल विहिरीत दाबलं, जमीन हलू लागली, पंप १९६६ मध्ये थांबवले, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोयना. दोन्हीकडे दोष पाण्याच्या दाबाकडे गेला.

पाणी, बर्फ, वावटळ

पूर दोन्हीकडे आहेत आणि पुराचा विमा दोन्हीकडे वेगळा घ्यावा लागतो, साधारण तीस दिवस आधी. सप्टेंबर २०१३ मध्ये बोल्डरला एका दिवसात नऊ इंच पाऊस पडला, जिथे वर्षाचा वीसएक इंच. ३१ जुलै १९७६ च्या रात्री कोलोरॅडोतल्याच बिग थॉम्पसन नदीच्या घळीत १४० हून जास्त माणसं गेली, त्यातली कित्येक गाडी पळवताना. तिथे आजही पाट्या आहेत: पूर आला तर गाडी सोडून उतार चढा. युटात १९८३ मध्ये थिसल गाव दरडीने अडवलेल्या पाण्यात बुडालं आणि सॉल्ट लेकच्या स्टेट स्ट्रीटवरून पोत्यांच्या बांधांमधून नदी वाहिली. ओढ्याकाठचं घर नको, एवढं पुरे. वावटळी डेन्व्हरच्या ईशान्येला वेल्ड काउंटीत जास्त, पण बहुतेक लहान. तळघर असलं की काम भागतं. बर्फाची दोन्हीकडे सवय होते.

हवा

आईवडील पुण्याहून सहा महिने येऊन राहणार असतील तर हा भाग सर्वांत महत्त्वाचा. सॉल्ट लेकचं खोरं म्हणजे परात. हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण, आणि धूर आठवडाभर तसाच कोंडतो. ग्रेट सॉल्ट लेक आटतंय, २०२२ च्या नोव्हेंबरात त्याने नीचांक गाठला, आणि उघड्या पडलेल्या तळाच्या धुळीत आर्सेनिक आहे. डेन्व्हरला उन्हाळ्यात ओझोन आणि वणव्यांचा धूर असतो, पण हिवाळ्यात वारा येऊन हवा धुऊन नेतो. दम्याचं माणूस घरात असेल तर मी डेन्व्हर म्हणेन आणि पुढचा विचार करणार नाही.

मग काय ठरवावं

दोनचार वर्षं भाड्याने राहायचं असेल तर या सगळ्यावरून शहर निवडू नका. नोकरी बघा, भाडेकरूचा विमा घ्या, युटात असाल तर विटांची इमारत टाळा आणि माणशी दोन आठवड्यांचं पाणी साठवा. ते साठवणं तिथे कुणाला विचित्र वाटत नाही, मॉर्मन शेजाऱ्यांच्या तळघरात वर्षभराचा गहू असतो. घर घ्यायचं असेल आणि हातात राखीव पैसा कमी असेल, तर टक्केवारीचं डिडक्टिबल आणि वाढते हप्ते यांमुळे कोलोरॅडो तुम्हाला वर्षाला दमवेल. राखीव पैसा आहे, घर नवं लाकडी सांगाड्याचं आहे, भूकंपाचा विमा घ्यायची तयारी आहे, तर लीहाय वाईट नाही. मी स्वतः कोलोरॅडोत राहणार, गवतापासून लांब.

भाच्याने शेवटी युटाच निवडलं. गेल्या महिन्यात त्याने शुगर हाउसमधल्या १९४० च्या दशकातल्या एका घराचा दुवा पाठवला: लाल विटा, पुढे सफरचंदाचं झाड, "मावशी, बघ ना किती छान." मी त्याला बाजूच्या भिंतीचा जवळून फोटो पाठवायला सांगितलं. विटा नुसत्या वरून लावलेल्या असतात तेव्हा सगळ्या आडव्याच दिसतात. भिंतच विटांची असेल तर दर पाचसात ओळींनंतर एका ओळीत विटांची फक्त डोकी, म्हणजे आखूड बाजू, दिसतात, कारण त्या विटा आतबाहेरचे दोन थर बांधून धरतात. त्याच्या फोटोत सहाव्या ओळीला डोकी होती. त्याने दुसरी यादी काढायला घेतली आहे.