‘मालक, तुम्हाला बत्तीस शोभत नाही’: आखूड नळीच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरची फसवणूक

‘मालक, तुमच्यासारख्या माणसाला बत्तीस शोभत नाही.’ या एका वाक्यावर जालन्याकडच्या एका मोसंबी बागायतदाराचे सव्वातीन लाख गेले. माणूस अडाणी नव्हता. परवाना रीतसर, शस्त्र परवान्याच्या पोर्टलवर यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) निघालेला, प्रशिक्षणाचं एस-1 प्रमाणपत्र फायलीत लावलेलं. दुकानात जाऊन बत्तीस बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्व्हर घ्यायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात मध्यस्थ भेटला आणि त्याने फडक्यात गुंडाळलेली ‘तीनशे सत्तावन्न’, म्हणजे .357 बोअरची, काढून दाखवली. दोन इंची नळी, काळाभोर पॉलिश, नवीन लाकडी मूठ. खिशात मावेल एवढी आणि गोळी मात्र अंगठ्याएवढी, असं त्याचं वर्णन.

हा प्रकार मराठवाड्यात चालतो, कारण ग्राहकाची हौस आणि कायदा यांच्या मधल्या फटीत भरपूर जागा आहे. शेतवस्तीवर राहणाऱ्याला, रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला जाणाऱ्याला किंवा क्रशर चालवणाऱ्याला परवाना मिळतो तो बिगर-निषिद्ध बोअरचा. त्यात सहज मिळणारं म्हणजे कानपूरच्या कारखान्यातलं बत्तीस. जुनं मॉडेल मधोमध मोडून उघडणारं, सहा राउंडचं. 2014 मध्ये आलेली ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूची, अर्धा किलोची. 2023 मध्ये आलेल्या ‘प्रबल’चा सिलेंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, बाजूला उघडतो. या सगळ्यांत काडतूस एकच, बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँग. ते सौम्य आहे, हे खरं. त्याच सौम्यपणावर मध्यस्थ बोट ठेवतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत निषिद्ध वर्ग ठरवताना नळीवर काय कोरलंय ते विचारात घेतलेलं नाही. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये किंवा पिस्तुलात .380 किंवा .455 चं कडावालं (बुडाला बाहेर आलेली कडा असलेलं) काडतूस, किंवा सैन्याचं 9 मिमी किंवा .45 चं बिनकडाचं काडतूस भरता येतं आणि उडवता येतं, ते निषिद्ध. हे ‘भरता येतं’ शब्द नीट वाचा. शिक्का .357 चा असला, .450 चा असला, तरी चेंबरमध्ये, म्हणजे सिलेंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, .380 किंवा .455 बसून उडत असेल तर वस्तू निषिद्धच. तिचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत, तो दिल्लीच्या गृह मंत्रालयाचा विषय. बिनपरवाना निषिद्ध हत्यार सापडलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात ते चौदा वर्षं. बिगर-निषिद्ध असेल तर दोन ते पाच. त्या बागायतदाराला आपण दोन-पाचच्या नाही, सात-चौदाच्या रकान्यात बसलोय हे वकिलाने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

खरी .357 मॅग्नम भारतात बिगर-निषिद्ध आहे, हे मध्यस्थ बरोबरच सांगतो. अर्धं खरं सांगितलं की उरलेलं अर्धं कोणी तपासत नाही. पण 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हँडगन मागवता येत नाही. नामांकित नेमबाजांसारखे मोजके अपवाद सोडले तर दार बंद आहे. म्हणजे देशात फिरणारी खरी परदेशी .357 जुनीच असणार, तिच्या मागे कुणाच्या तरी परवान्यावरच्या नोंदींची साखळी असणार, आणि तिचा भाव बत्तीसच्या कितीतरी पट. सव्वातीन लाखांत ‘नवा इम्पोर्टेड पीस’ मिळत असेल तर तो इम्पोर्टेडही नाही आणि नवाही नाही.

मग फडक्यात होतं काय? वेब्ली मार्क चार, .38 बोअर. दुसऱ्या महायुद्धात वापरलेली, त्याच काळातली, पोलिसांच्या हातात दिसायची ती. आपलं कानपूरचं जुनं बत्तीस याच घाटाचं, त्यामुळे ज्याने बत्तीस पाहिलंय त्याला ती ओळखीची आणि विश्वासाची वाटते. कारागिराने तिची नळी कापून दोन इंचाची केली, पुढची नेम धरायची माशी पुन्हा झाळून बसवली आणि चेंबर आतून खोल करून .357 चं लांब काडतूस जाईल असं केलं. वेब्लीवर मुळात .38 च्या पुढे ‘145/200’ असा आकडा असतो, म्हणजे 145 आणि 200 ग्रेन (वजनाचं माप) भरणारी गोळी. तो घासून त्या जागी ‘.357’ ठोकलं होतं. उजेड तिरपा धरला की तिथला पत्रा किंचित बसलेला दिसतो, भांड्याला पोचा पडावा तसा. शिक्क्याचे तीन आकडे तीन वेगवेगळ्या खोलीचे. कारखान्यात असं होत नाही.

मुळात एवढं बघायचीही गरज नव्हती. मधोमध मोडून उघडणाऱ्या वेब्लीवर ‘.357’ दिसलं की तिथेच चहा संपवून उठायचं. मोडून उघडणाऱ्या सांगाड्याची सगळी ताकद वरच्या एका कडीवर असते. जुन्या .38 स्मिथ अँड वेसन काडतुसाचा दाब जास्तीत जास्त साडेचौदा हजार पीएसआय धरतात, .357 मॅग्नमचा पस्तीस हजार. जवळपास अडीच पट. कडी सैल होणं हा त्यातला हलका निकाल. चेंबरची भिंत फाटली तर बोटं जातात.

तरी ज्याला हात लावून बघायचंच आहे त्याने बघावं कसं? मोजायची साधनं ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये मिळतात: व्हर्नियर आणि टॅपेट सेट करायची फिलर गेज. आधी रिव्हॉल्व्हर उघडून सहाही चेंबर रिकामे आहेत हे स्वतः डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्यायचं. मग व्हर्नियर. .357 च्या पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याची, जाडी 9.63 मिमी. जुन्या .38 स्मिथ अँड वेसनची, म्हणजे कायद्यातल्या .380 ची, 9.80. फरक 0.17 मिमीचा, डोळ्याला दिसत नाही, पण 0.02 मोजणाऱ्या व्हर्नियरला दिसतो. मागच्या तोंडाला चेंबर 9.80 च्या वर भरला तर .380 आत जाणार आणि वस्तू निषिद्ध. अशा चेंबरमधून उडवलेली .357 ची पुंगळी बुडाशी फुगून बाहेर येते, गरोदर मासळीसारखी. विकणारा कधी रिकाम्या पुंगळ्या हातात देत नाही, झटकन गोळा करतो; त्याचं कारण हेच.

चेंबरमध्ये टॉर्च मारून बघितलं तर पुढच्या बाजूला एक पायरी दिसायला हवी, जिथे पुंगळी संपते आणि गोळीपुरतं अरुंद भोक सुरू होतं. सरसकट खोदलेल्या चेंबरला पायरीच नसते, पाण्याच्या पाइपासारखं आरपार. .357 चं भरलेलं काडतूस साधारण 40 मिमी लांब. सिलेंडरची लांबी त्याहून कमी भरली तर गोळीची टोकं पुढून बाहेर येऊन सिलेंडर फिरायचा थांबणार.

फिलर गेज सिलेंडर आणि नळी यांच्या फटीत घालायची. 0.10 ते 0.20 मिमी ठीक. 0.30 च्या वर गेली तर बाजूने गॅस आणि शिशाचे कण उडतात, शेजारी उभ्या माणसाच्या तोंडावर. त्यानंतर घोडा, म्हणजे मागून काडतुसावर आपटणारा भाग, अगदी हळूहळू मागे ओढायचा, कान लावून. सिलेंडरचं कुलूप खाचेत बसल्याचा ‘टक’ आवाज घोडा अडकण्याच्या आधी यायला हवा. नंतर आला किंवा आलाच नाही, तर चेंबर नळीसमोर नीट येत नाही आणि गोळी नळीच्या तोंडावर सोलून निघते. हे एका चेंबरवर नाही, सहाही चेंबरवर करायचं. पाच चांगले आणि सहावा खराब असणं फार सर्रास आहे. शेवटी घोडा ओढून अडकवायचा आणि मागून अंगठ्याने बेताने ढकलायचा. चापाला हात न लावता घोडा सुटला तर ती वस्तू कमरेला लावायची नाही.

कापलेल्या नळीचं तोंड नखाने फिरवून बघावं, एका बाजूला धार लागते. तोंड असं वाकडं असलं की गोळी सुटताना एका बाजूने गॅस आधी निसटतो आणि ती इकडे-तिकडे जाते. त्यात जुन्या वेब्लीच्या नळीतली गोळी .361 इंचाची, .357 ची बारीक. म्हणजे नळीत ढिली.

‘चालवून दाखवतो’ हा खेळ वेगळाच. मध्यस्थ स्वतःच दोन राउंड पत्र्याच्या डब्यावर उडवतो. आवाज मोठा, जाळ मोठा, डब्याला भोक. गिऱ्हाईक खूश. तो जाळ म्हणजे न जळलेली दारू आखूड नळीच्या बाहेर येऊन पेटलेली असते, ताकद नव्हे. आणि त्या दोन राउंडमध्ये घरी भरलेली अर्धी दारू असते, म्हणून सांगाडा टिकतो. तिसरा राउंड तुमच्या हातात कधीच देणार नाहीत. (शेतात असा बार काढणं हाही गुन्हा, हे वेगळं. लग्नात-वरातीत काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कलमच 2019 मध्ये घातलंय.)

समजा, सगळं बाजूला ठेवलं आणि खरीखुरी छोटी .357 किंवा .44 मिळाली, तरी राउंड आणणार कुठून? बत्तीसच्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ असतं, म्हणजे पुण्याजवळची खडकी. .44 चं काडतूस देशात बनत नाही. मग मध्यस्थच पुन्हा येतो, पिशवीतून मोकळे राउंड घेऊन, एकेकाचे हजारो रुपये लावत. मोकळे, बिन-डब्याचे, कॅश मेमो नसलेले राउंड म्हणजे पुन्हा भरलेले. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये अशा राउंडची एक खोड असते: पहिला बार झाला की धक्क्याने बाकीच्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात, सिलेंडरच्या बाहेर डोकावतात आणि दुसऱ्या बाराला सगळं जाम. पुंगळीचं तोंड कारखान्यात आवळतात तसं घरी आवळलेलं नसतं, म्हणून.

कागदांकडे येऊ, कारण पैसे तिथेच जातात. त्या बागायतदाराला विकणाऱ्याने सांगितलं की मूळ मालकाकडे तीन हत्यारं आहेत, कायद्याने दोनच ठेवता येतात, म्हणून तिसरं काढतोय. ऐकायला एकदम बरोबर. दुरुस्ती डिसेंबर 2019 ची, आणि जादा हत्यार एका वर्षाच्या आत जमा करायचं होतं. ती मुदत डिसेंबर 2020 मध्ये संपली. आज कुणी हेच कारण सांगत असेल तर एक तर हत्यार बेकायदा आहे, नाही तर मालकच नाही. दुसरी लाडकी कथा निजामाच्या काळातल्या वाड्याची: आजोबा देशमुख होते, 1948 च्या आधीपासूनची ‘बुलडॉग’ (आखूड नळीची जुनी रिव्हॉल्व्हर) आहे, वारसाहक्काची. तिच्यावर .450 लिहिलेलं असतं. वरचा ‘भरता येतं’ नियम तिथेही लावायचा. आणि वारसाहक्काचं हत्यारसुद्धा आजच्या कुणाच्या तरी परवान्यावर चढलेलं असावंच लागतं.

खाजगी विक्रीला कायद्यात वाट आहे. विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, आणि कळवल्यापासून किमान 45 दिवस गेल्याशिवाय हत्यार द्यायचं नाही. मध्यस्थाला हे पंचेचाळीस दिवस नकोच असतात. ‘आज घेऊन जा, एंट्री मागून होईल’ म्हणतो. आपण काय मागायचं? विकणाऱ्याचा मूळ परवाना, त्यावर हत्यार नंबरासकट चढल्याची नोंद, आणि पोच शिक्का असलेलं कळवल्याचं पत्र. मग तो नंबर सांगाड्यावरच्या नंबराशी आकडा-आकडा जुळवायचा. परवान्याची झेरॉक्स चालत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 च्या दरम्यान नियम डावलून दिलेल्या पावणेतीन लाखांहून अधिक परवान्यांचा तपास सीबीआयकडे गेला. ‘बाहेरच्या राज्याचा परवाना आहे’ म्हटलं की आपल्या गृह शाखेत जाऊन विचारायचं. छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय. बीडमध्ये 2025 च्या सुरुवातीला परवान्यांची फेरतपासणी होऊन बरेच रद्द झाले, तेव्हापासून टेबलावरची माणसं नंबर काटेकोर बघतात.

नंबर घासलेला असेल तर शस्त्र कायद्याचं आठवं कलम आडवं येतं. तसं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानेच खाडाखोड केली असं धरलं जातं, आणि उलट सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर.

फोनवरच्या जाहिरातींबद्दल लांबण लावत नाही. रिव्हॉल्व्हरचा फोटो, ‘होम डिलिव्हरी’, पाच हजार टोकन, मग पार्सल चार्ज, मग ‘पार्सल पकडलं, सोडवायला द्या’. वस्तू मुळात नसतेच. पैसे गेले त्याच तासाला 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, खातं गोठण्याची शक्यता तेव्हाच असते.

वस्तू हातात आली असेल तर मात्र गोष्ट अवघड, आणि मध्यस्थाचं खरं भांडवल हेच. तक्रार करायची म्हणजे निषिद्ध हत्यार माझ्याकडे आहे असं लिहून द्यायचं. म्हणून लोक गप्प बसतात, काही जण ती विहिरीत टाकतात. विहिरीत टाकल्याने गुन्हा बुडत नाही, पुरावा नष्ट केल्याचा आणखी एक गुन्हा मात्र वर येतो. फौजदारीचा चांगला वकील गाठून, त्याच्यामार्फत लेखी देऊन हत्यार ठाण्यात जमा करणं आणि त्याच अर्जात फसवणुकीची फिर्याद, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, हा रस्ता खडतर आहे, पण त्याहून बरा दुसरा दिसत नाही. फोनमधले मेसेज, कॉलच्या नोंदी, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट काहीच पुसायचं नाही.

बागायतदाराकडे पावत्या होत्या. इसाराची पन्नास हजारांची, ‘एनओसी खर्च’ म्हणून पंच्याहत्तर हजारांची, आणि बाकी दोन लाखांची. तिन्हींवर मध्यस्थाची सही, खाली तारीख, रेव्हेन्यू स्टँप. रिव्हॉल्व्हर असं लिहिता येत नाही मालक, असं म्हणून त्याने तिन्हींवर एकच मजकूर घातला होता: ‘जुनी पाच एचपी पाणबुडी मोटर, चालू स्थितीत, पोच केली.’