पाच महिने हरित फटाके वापरल्यानंतर: खोक्यावरचे शब्द आणि आतला माल

श्रावणअखेरीस आमच्या सोसायटीच्या उत्सव समितीने गणपती, दिवाळी आणि तुळशीचे लग्न या तिन्हींसाठी मिळून एकच फटाकेखरेदी करायचे ठरवले, आणि यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. आता पौष सुरू आहे आणि पत्र्याच्या पेटीच्या तळाशी थोडाच माल उरला आहे. खरेदीत तीन-चार कंपन्यांचा माल मिसळलेला असल्यामुळे हा अभिप्राय कोणा एका कंपनीबद्दल नाही. ज्या शब्दांवर विसंबून आम्ही पैसे मोजले, ते शब्द वात पेटवल्यावर काय निघाले, एवढेच येथे नोंदवतो.

पहिली फसगत दरपत्रकानेच केली. शिवकाशीहून येणाऱ्या दरपत्रकात अनारांपुढे ‘बिग’, ‘स्पेशल’, ‘अशोका’, ‘डिलक्स’, ‘कलर कोटी’ असे शब्द असतात. ‘स्पेशल’ म्हणजे काहीतरी खास, असे समजून मी त्याचीच दहा खोकी लिहिली. प्रत्यक्षात हे शब्द बहुतेक आकाराच्या आणि प्रतीच्या पायऱ्या आहेत. आमच्या मालात ‘अशोका’ हा ‘स्पेशल’पेक्षा वरचा निघाला आणि त्याचे झाड उंच व जास्त वेळ चालले. भुईचक्रांनाही हीच नावे लागतात. ‘हायड्रो’ आणि ‘डिजिटल’ बॉम्बमध्ये त्या नावांचे काहीही नसते. ‘इलेक्ट्रिक’ फुलबाजी तर साधी पांढऱ्या-सोनेरी ठिणग्यांची फुलबाजी असते, पण तिच्यासाठी तिसऱ्या मजल्यावरील आजोबांनी मला बॅटरी कुठे बसवायची असे गंभीरपणे विचारले होते.

त्या तुलनेत आपले घरगुती शब्द अधिक प्रामाणिक वाटतात, कारण ती वस्तू काय करते हे त्या शब्दांतच सांगितलेले असते. भुईचक्र भुईवर फिरते, भुईनळा भुईवरून उसळतो, बाण सुटतो. क्रियापदेही ठरलेली आहेत: फटाका वाजवतात, बाण सोडतात, अनार लावतात. दुकानदाराशी बोलताना मी पुढे हाच क्रम पाळू लागलो. वाजणारे किती, वर जाणारे किती आणि जमिनीवरचे किती, हे आधी ठरवायचे आणि छापील नावे नंतर पाहायची, असे केल्यावर दिवाळीपूर्वीची पुरवणी खरेदी बरीच नीट झाली.

सर्वांत जास्त गोंधळ ‘हरित’ या शब्दाने घातला. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 च्या आदेशात कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांनाच मुभा दिली, बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली आणि माळांवरही बंदी आणली. त्यानंतर नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तयार केलेल्या सूत्रांचे फटाके बाजारात आले. त्यांची नावे तीन. ‘स्वास’ प्रकारात जळताना पाण्याची वाफ सुटते आणि ती धूळ दाबते, ‘स्टार’मध्ये सोरा (पोटॅशियम नायट्रेट) आणि गंधक नसतो, ‘सफल’मध्ये ॲल्युमिनियम कमीत कमी वापरलेले असते. धुरातील सूक्ष्म कण नेहमीच्या फटाक्यापेक्षा साधारण 30 टक्के कमी, एवढाच या सगळ्यांचा दावा आहे. म्हणजे उरलेला सत्तर टक्के धूर असतोच, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या पार्किंगमध्ये तो चांगला दिसला. आमच्या मजल्यावरील दम्याच्या रुग्ण काकूंनी खिडक्या बंदच ठेवल्या, आणि ते योग्यच होते.

गंमत अशी, की हरित फटाका हिरवा प्रकाश देईलच असे नाही. उलट हिरवा रंग हेच त्याचे दुखणे आहे. आतषबाजीतील ठसठशीत हिरवा रंग बेरियममधून येतो, तांबडा स्ट्रॉन्शियममधून, पिवळा सोडियममधून आणि निळा तांब्यामधून. बेरियम वगळले की हिरव्याचा मुख्य आधारच जातो. आमच्या एका खोक्यावर ‘रेड अँड ग्रीन’ असे छापलेले होते. त्यातील तांबड्या चांदण्या लखलखीत होत्या, पण हिरव्या फिक्या, कच्च्या कैरीसारख्या होत्या. दुसऱ्या कंपनीच्या खोक्यातील हिरवा मात्र इतका गडद निघाला, की त्यावरील हरित चिन्हाबद्दलच मला शंका आली. खोक्यावरील क्यूआर कोड मोबाइलने तपासावा तर तो उघडेचना. दुकानदाराने ‘साहेब, नेटवर्क नसेल’ असे उत्तर दिले. घरी वायफायवरही तो उघडला नाही.

‘शॉट’ या शब्दावर थोडे थांबतो, कारण खर्चाचा मोठा भाग तिथेच गेला. शॉटचे खोके म्हणजे एकमेकांना चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या. प्रत्येक नळीच्या तळाशी वर फेकणारी दारू असते, तिच्यावर फुटणारा ऐवज असतो, आणि एकच वात आतून फिरत नळीमागून नळी पेटवत जाते. खोक्यावरील 30, 60 किंवा 120 हा आकडा नळ्यांचा असतो. उंची, नळीची रुंदी किंवा वेळ यांच्याशी त्याचा संबंध नसतो. आमचे 120 शॉटचे खोके बारीक नळ्यांचे होते आणि त्याचे शॉट चौथ्या मजल्याच्या आसपासच विझत होते, तर जाड नळ्यांच्या 12 शॉटच्या खोक्याने गच्चीवरच्या मंडळींनाही माना वर करायला लावल्या. एका 60 च्या खोक्यात मी मोजले तेव्हा 53 च उडाले. उरलेल्या नळ्यांत डोकावण्याचा मोह होतो, पण ते खोके तसेच दूर ठेवून नंतर बादलीभर पाण्यात बुडवावे.

बसकण, म्हणजे खोके न हलता बसेल अशी बैठक, हा शब्द कोणत्याही दरपत्रकात नाही, पण मी तो आमच्या यादीत वर लिहिला आहे. अनंत चतुर्दशीला 30 शॉटचे खोके पेव्हर ब्लॉकवर नुसतेच ठेवले होते. चार-पाच शॉट सरळ गेले, मग धक्क्यांनी खोके कलले, आडवे झाले, आणि पुढचा शॉट दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या धोतरावर जाऊन आदळला. इजा कोणालाही झाली नाही. धोतराला रुपयाएवढे भोक पडले. तेव्हापासून प्रत्येक खोके वाळूच्या घमेल्यात अर्धे पुरून दोन्ही बाजूंनी विटा लावल्याशिवाय आम्ही पेटवत नाही.

आकाशातील आकारांची नावे पुष्कळदा फुलाझाडांवरून आलेली आहेत आणि ती खरोखर उपयोगी पडतात. ‘पियोनी’ म्हणजे शेपट्या न सोडता फुटणारा गोल गेंद, ‘क्रिसँथेमम’मध्ये प्रत्येक ठिणगी मागे रेघ ओढते, म्हणून ते शेवंतीसारखे दिसते, ‘विलो’च्या सोनेरी रेघा सावकाश खाली लोंबत येतात. ‘क्रॅकलिंग’ म्हणजे कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. सोसायटीतील लहान मुलांना हे शब्द दोन दिवसांत पाठ झाले आणि ‘काका, आता विलो लावा’ अशा फर्माइशी सुरू झाल्या.

आवाजाची मर्यादा अशी आहे: फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल एआय किंवा 145 डेसिबल सी-पीक (या आवाज मोजण्याच्या दोन पद्धती). माळेतील एकेका फटाक्यासाठी ती माळेतील फटाक्यांच्या संख्येनुसार आणखी उतरते. हजाराच्या माळेचा हिशेब केल्यास 15 डेसिबल वजा होऊन 110 उरतात. मोबाइलच्या ॲपवर मोजण्याचा माझा प्रयोग फसला, कारण सुतळी बॉम्ब असो वा लवंगी, आकडा एका ठरावीक जागी अडकूनच बसे. माळ आम्ही घेतली नाही. दुकानदाराने काउंटरखालून काढून दाखवली होती.

सापाच्या गोळीबद्दल मात्र मी ठाम आहे. ती वाजत नाही, उडत नाही, म्हणून आपण ती लहानांच्या हातात देतो; परंतु पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 मध्ये निरनिराळ्या फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सूक्ष्म कणांचे सर्वाधिक प्रमाण याच गोळीत आढळले होते. आमच्याकडे आलेल्या सहा डब्या मी वाटल्या नाहीत.

साठवणुकीचा अनुभव वाईट आहे. भाद्रपदातील दमट हवेत उघडी राहिलेली फुलबाज्यांची पाकिटे दिवाळीत काढली, तेव्हा मसाल्यावर गंजाचे ठिपके आले होते, आणि बऱ्याच फुलबाज्या अर्ध्यावर विझल्या. मसाला ओल धरतो आणि लोखंडाचा कीस गंजतो, हे शाळेत शिकलेले असूनही आम्ही पाकिटे टाकीखालच्या खोलीत ठेवली होती. तुळशीच्या लग्नाला त्यामुळे बहुतेक फुसके बारच निघाले आणि मंगलाष्टके संपल्यावर टाळ्यांवरच भागवावे लागले.

एकूण मालाला मी पाचपैकी तीन गुण देतो; अनार आणि जाड नळ्यांचे शॉट चांगले, फुलबाज्या आमच्या चुकीने वाया गेलेल्या. पुढच्या वर्षीची यादी आताच दुकानदाराकडे दिली आहे. तीत कंपनीचे नाव किंवा ‘स्पेशल’ हा शब्द कुठेही नाही. नळीची रुंदी, नग, रंग आणि चालणारा कोड एवढेच लिहिले आहे. ती वाचून त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, ‘साहेब, नळीची रुंदी मोजायला मी आता पट्टी घेऊन बसू का?’ पट्टी मीच आणीन, असे त्याला सांगून आलो आहे.