गिटहब अ‍ॅक्शन्सवर बिल्ड आणि टेस्ट: काही महिने रोज वापरल्यावर

गिटहब अ‍ॅक्शन्सबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक पहिल्या आठवड्यातलं असतं. ही गिटहबची, कोड बदलला की बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी सेवा. यामल फाइल (काय चालवायचं ते सांगणारी) लिहिली, पुश केलं (बदल गिटहबवर पाठवला), हिरवी खूण आली, झालं. रोज वापरायला लागल्यावर खरे प्रश्न वेगळेच निघतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आमचा प्रकल्प मध्यम आकाराचा आहे. पायथनमधली वेब सेवा, पोस्टग्रेस डेटाबेस आणि टाइपस्क्रिप्टमधला फ्रंटएंड, सगळं एकाच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात). पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्या, दिवसभर येत असतात.

आधी बिल्ड आमच्याच एका सर्व्हरवर चालायचं. तो हळू होता, पण खरा त्रास तो नव्हता. जुन्या बिल्डच्या उरलेल्या फाइली, कधीतरी कुणीतरी हाताने टाकलेल्या लायब्ररी असं सगळं त्यावर साचलं होतं. टेस्ट पास झाली तर ती कोड बरोबर आहे म्हणून की त्या मशीनवर काहीतरी आधीपासून पडलेलं आहे म्हणून, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. गिटहबच्या रनरवर (कामं चालवणाऱ्या यंत्रणेवर) प्रत्येक जॉबला, म्हणजे कामाच्या प्रत्येक तुकड्याला, कोरी व्हर्च्युअल मशीन मिळते आणि काम संपलं की ती जाते. माझ्या लेखी या सेवेची सगळ्यात मोठी देणगी हीच. नव्या पाइपलाइनवर (बिल्ड-टेस्टच्या या साखळीवर) पहिल्यांदा चालवल्या तेव्हा आमच्या बऱ्याच टेस्ट पडल्या, आणि त्यातली प्रत्येक पडझड कुठेही न नोंदवलेल्या एखाद्या डिपेन्डन्सीकडे (कोडला लागणाऱ्या लायब्ररीकडे) बोट दाखवत होती. त्या निस्तरण्यात गेलेला वेळ सार्थकी लागला असं मी आजही म्हणेन.

सुरुवात सोपी आहे. ‘डॉट गिटहब’ फोल्डरमधल्या ‘वर्कफ्लोज’मध्ये फाइल (हाच वर्कफ्लो) ठेवायची, कोणत्या घटनेवर काय चालवायचं ते सांगायचं. पोस्टग्रेस ‘सर्व्हिसेस’खाली कंटेनर (वेगळा, बंदिस्त चालणारा प्रोग्राम) म्हणून उभा राहतो. त्याला हेल्थ चेक (तो तयार आहे का याची तपासणी) जोडाच. तो नसेल तर डेटाबेस तयार होण्याआधीच टेस्ट सुरू होऊ शकतात आणि कधी पास, कधी फेल असा खेळ चालू होतो. यामलचा एक सापळाही इथेच सांगून टाकतो. पायथनची आवृत्ती ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिली तर यामल तिला दशांश संख्या समजतं आणि ती ३.१ होते. आवृत्ती नेहमी अवतरणचिन्हांत लिहावी. वर्कफ्लो फाइलमधल्या इतर बऱ्याच चुका पकडायला ‘अ‍ॅक्शनलिंट’ नावाचं छोटं साधन आहे, ते पहिल्या दिवसापासून लावावं.

कोऱ्या मशीनची दुसरी बाजू म्हणजे प्रत्येक वेळी सगळं नव्याने उतरवावं लागतं. इथे कॅश, म्हणजे आधी उतरवलेल्या फाइलींचा राखून ठेवलेला साठा, कामी येते, पण तिचे नियम समजून घेतले नाहीत तर ती आहे की नाही तेच कळत नाही. एका ब्रँचवर (कोडच्या एका शाखेवर) बनलेली कॅश शेजारच्या ब्रँचला दिसत नाही, मुख्य ब्रँचवरची मात्र सगळ्यांना दिसते. म्हणून फक्त पुल रिक्वेस्टवर चालणाऱ्या पाइपलाइनमध्ये प्रत्येक नवी ब्रँच रिकाम्या हाताने सुरू होते. आम्ही मुख्य ब्रँचवर मर्ज झाल्यावरही (बदल तिच्यात मिसळल्यावरही) तीच पाइपलाइन चालवायला लागलो आणि फरक लगेच जाणवला. सात दिवस कुणी न वापरलेली कॅश काढून टाकली जाते. रिपॉझिटरीमागे मूळ मर्यादा १० जीबीची आहे, ती भरली की जुन्या कॅश जातात. त्यामुळे कॅशची की (तिची ओळखखूण) लॉकफाइलच्या, म्हणजे लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीच्या, हॅशवरून (मजकुरावरून काढलेल्या ठशावरून) बनवावी, कमिटवरून (प्रत्येक नोंदवलेल्या बदलावरून) नाही. याला जोडून ‘कॉन्करन्सी’ची सोय वापरा. त्याच ब्रँचवर नवा पुश आला की जुनं, आता निरर्थक झालेलं बिल्ड आपोआप थांबतं. खाजगी रिपॉझिटरीला फुकट योजनेत महिन्याला २००० मिनिटंच असतात, तिथे याचा हिशेब लगेच दिसतो. ‘टाइमआउट-मिनिट्स’ही लिहाच, कारण नाही लिहिलं तर एखादा अडकलेला जॉब ३६० मिनिटं तसाच बसून राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाइपलाइन चांगली की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: लाल खूण दिसल्यावर माणूस आधी काय करतो? तो कोड उघडून बघत असेल तर पाइपलाइन जिवंत आहे. तो आधी ‘री-रन’चं बटण दाबत असेल तर ती मेलेली आहे, मग तिचा वेग कितीही असो. आमच्याकडे काही टेस्ट लहरी होत्या. घड्याळावर अवलंबून असलेल्या, एकमेकींच्या डेटावर पाय ठेवणाऱ्या, ठरावीक क्रमाने चालल्या तरच पास होणाऱ्या. अपयशी टेस्ट आपोआप दोन-तीनदा चालवायची असा उपाय सुचवला जातो. माझा त्याला ठाम विरोध आहे, कारण त्यामुळे खऱ्या कोडमधली रेस कंडिशनसुद्धा (दोन कामांच्या वेळेच्या शर्यतीतून होणारी चूक) गुपचूप हिरवी होऊन मर्ज होते. आम्ही लहरी टेस्ट वेगळ्या जॉबमध्ये नेल्या, मर्जसाठीची त्यांची सक्ती काढली आणि प्रत्येकीला एक जबाबदार माणूस नेमला. दुरुस्त झाली की परत मुख्य संचात. काही शेवटी पुसूनच टाकल्या आणि त्यांचं कुणाला काही वाटलं नाही.

मर्जसाठी सक्तीच्या चेकबद्दल (पास झाल्याशिवाय मर्ज होऊ न देणाऱ्या तपासणीबद्दल) थोडं थांबून लिहितो, कारण इथली वागणूक अनपेक्षित आहे. फक्त फ्रंटएंड बदलला तर बॅकएंडच्या टेस्ट कशाला, म्हणून आपण वर्कफ्लोला पाथ फिल्टर (ठरावीक फाइली बदलल्या तरच चालण्याची अट) लावतो. पण फिल्टरमुळे अख्खा वर्कफ्लोच वगळला गेला तर त्याचा सक्तीचा चेक ‘पेंडिंग’ राहतो आणि मर्ज अडतं. याउलट वर्कफ्लो सुरू झाला आणि आतला जॉब ‘इफ’ अटीमुळे वगळला गेला, तर तो यशस्वी धरला जातो. म्हणून गाळणी जॉबच्या पातळीवर ठेवायची आणि शेवटी सगळ्यांवर अवलंबून असलेला एकच जॉब सक्तीचा करायचा. त्यातही एक खाच आहे. आधीचा जॉब पडला की हा शेवटचा जॉब वगळला जातो, वगळलेला म्हणजे यशस्वी, आणि तुटलेला कोड मर्ज होऊ शकतो! त्या जॉबला ‘ऑलवेज’ची अट लावून आधीच्या प्रत्येक जॉबचा निकाल हाताने तपासावा लागतो. अधिकृत कागदपत्रांत हे सगळं आहे, पण विखुरलेलं.

सुरक्षेकडे आमच्या टीमने सुरुवातीपासून लक्ष दिलं याचं मला समाधान आहे. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ची ‘चेंज्ड-फाइल्स’ ही, वर्कफ्लोत जोडायची तयार आणि लोकप्रिय अ‍ॅक्शन घुसखोरांच्या हाती लागली. २३,००० हून अधिक रिपॉझिटरी ती वापरत होत्या. हल्लेखोरांनी जुने आवृत्ती-टॅग (आवृत्तीला दिलेली नावं) दुष्ट कमिटकडे वळवले आणि तो कोड रनरच्या मेमरीतली सीक्रेट्स (पासवर्ड, चाव्या) लॉगमध्ये छापू लागला. सार्वजनिक रिपॉझिटरीचे लॉग कुणालाही वाचता येतात. यात लक्षात घेण्यासारखं हे की टॅग हलवता येतो. म्हणून बाहेरची प्रत्येक अ‍ॅक्शन टॅगऐवजी पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅशने बांधावी. अपडेट आणायला गिटहबचं डिपेन्डाबॉट हे साधन आहेच, आणि बदल काय झालाय ते वाचूनच तो घ्यावा. सोबत ‘परमिशन्स’ स्पष्ट लिहून टोकनला (वर्कफ्लोला मिळणाऱ्या गिटहबच्या चावीला) फक्त वाचण्याचा हक्क द्यावा. पुल रिक्वेस्टचं शीर्षक किंवा ब्रँचचं नाव थेट शेल कमांडमध्ये ओतू नये, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून न्यावं. शीर्षक कुणीही लिहू शकतो, आणि त्यात कमांडही लिहू शकतो.

न आवडलेलं? यामल तपासण्यासाठी पुन्हा पुन्हा पुश करावं लागणं. ‘अ‍ॅक्ट’ हे साधन आपल्याच मशीनवर, डॉकरमध्ये (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत) वर्कफ्लो चालवून दाखवतं, पण त्याची इमेज आणि खरा रनर सारखे नसतात. आम्ही यावर असा मार्ग काढला की यामलमध्ये कामाचं काही लिहायचंच नाही. बिल्ड, टेस्ट, लिंट (कोडची शैली-तपासणी) हे सगळं मेकफाइलमध्ये (आज्ञांच्या फाइलीत), आणि वर्कफ्लो फक्त ती आज्ञा देतो. टेस्ट पडली तर तीच आज्ञा आपल्या लॅपटॉपवर चालवता येते, आणि उद्या दुसऱ्या सेवेवर जायचं ठरलं तरी फार कमी लिहावं लागेल. ठरावीक वेळी चालणाऱ्या जॉबवर फार विसंबू नये. ताण असेल तेव्हा, विशेषतः तासाच्या ठोक्याला, ते उशिरा सुटतात. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर ते बंदही होतात.

कोड आधीच गिटहबवर असेल आणि सर्व्हर सांभाळायला वेगळा माणूस नसेल, तर मी ही सेवा निःशंक सुचवेन. मोठा सी++ प्रकल्प किंवा खास हार्डवेअर लागणाऱ्या टेस्ट असतील तर स्वतःचा रनर जोडावा लागेल, आणि मग कोऱ्या मशीनची हमी तुम्हालाच सांभाळावी लागेल. तो रनर सार्वजनिक रिपॉझिटरीला मात्र जोडू नका. फोर्कमधून (दुसऱ्या कुणी केलेल्या रिपॉझिटरीच्या प्रतीतून) आलेली एखादी पुल रिक्वेस्ट तुमच्या नेटवर्कमधल्या त्या मशीनवर हवा तो कोड चालवू शकते.